स्पीकरचे दोन रस्ते आणि आप्पांचे टाळ

आईचा आवाज बसला, असं आमच्या गावानं गेल्या हिवाळ्यात ठरवून टाकलं. तिला स्वतःला ते सगळ्यांत शेवटी कळलं.

आमचं गाव झरीजवळ. घर शिवभक्तांचं. दर सोमवारी दिवे लागायच्या वेळी महादेवाच्या देवळात भजन असतं. एका बाजूला टाळ घेतलेले पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, आणि पुढं म्हणायला माईकसमोर आई. तिचं माहेर पालमकडचं. येताना ती भजनं घेऊनच आली. आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणतात की रुखवतातली भांडी केव्हाच मोडीत गेली, भजन मात्र एकही कमी झालेलं नाही.

पूर्वी देवळावर एक जुना भोंगा होता. मागच्या श्रावणात वर्गणी करून दोन मोठ्या काळ्या स्पीकरपेट्या आणल्या. खंडेनवमीला आमच्याकडे नांगर, विळे, कुऱ्हाडी मांडून पूजा करतात, त्यात त्या वर्षी पेट्याही बसल्या. त्यांच्या जाळीवर हळदीकुंकवाची बोटं अजून दिसतात. सुरुवातीला सगळे खूश होते. पण थंडी पडू लागली तशी देवळाच्या पायऱ्यांवर कुजबूज सुरू झाली. शेवटी शेजारची काकू एक दिवस आईजवळ बोललीच.

"वहिनी, राग नका मानू. पर तुमी काय म्हनायलाव तेच कळंना गेलंय. घोंगडीत तोंड घालून म्हनल्यावानी वाटायलंय."

आई हसली. पण मग तिघी-चौघींनी तेच सांगितलं. पुढं असं निघालं की महाशिवरात्रीला बाहेरगावचे लोक येतात, दिवसभर भजन चालतं, तेव्हा या वेळी पुढं म्हणायला वरच्या आळीतल्या सुनेला बसवावं. तिचा आवाज भरदार आहे. तिचा यात काही दोष नव्हता. उलट ती बिचारी आमच्या घरी येऊन आईला म्हणाली, "आत्या, मला न्हाई बसायचं तुमच्या जागी. पर सगळे मागंच लागलेत."

आईनं तिला चहा पाजला आणि दुसऱ्या दिवसापासून ज्येष्ठमध चघळायला लागली. सकाळ-संध्याकाळ मिठाच्या गुळण्या. ताक बंद. एवढ्यावर मी काही बोललो नसतो. पण ती भाकरी थापताना गुणगुणायची, तेही थांबलं. आमच्या घरात परातीच्या आवाजाबरोबर कडवं ऐकू आलं नाही तर भाकरी झाली असं वाटतच नाही. आता नुसतं थप्, थप्.

मी घरातला पहिला पदवीधर. परभणीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि आता तिथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवतो. या शिक्षणासाठी घरानं आणि गावानं जे केलं ते मी विसरलेलो नाही. मात्र त्याची एक गंमत अशी झाली की पदवी एकट्याची असली तरी गाव तिला सार्वजनिक मालमत्ता समजतं. मिक्सर बंद पडला, मोबाईल भिजला, पंख्यातून आवाज येतोय, की निरोप येतो: "बीएस्सीला बोलवा." मी जातो. प्लग काढून पुन्हा लावतो. बऱ्याचदा तेवढ्यानं काम होतं आणि माझी इज्जत राहते.

तर आईच्या आवाजाचं. मी सकाळी एसटीसाठी फाट्याकडे निघालो की तिची हाक गोठ्यातून येते: "डबा इसरलास." मधे बाभळी, कडब्याची गंज, दोन घरं. तरी एकूण एक अक्षर स्पष्ट. बसलेला आवाज असा कसा असेल? मी आप्पांना म्हणालो, "दोष आईत नाही, पेटीत आहे."

आप्पांना ते आवडलं नाही. "देवाच्या नावानं घेतलेली वस्तू हाय. तिला खामखा बोल लावू नको."

मग मी भजनी मंडळाच्या अध्यक्षांकडे गेलो. त्यांचं किराणा दुकान आहे, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. मी पेटी उघडू द्या म्हणालो. त्यांनी साखर तोलता तोलता विचार केला.

"खोला. पर आधी आत काय असतंय ते समजून सांगा. नुसता स्क्रू काढून तर माझा नातू पण बसंल."

तिथं माझी पंचाईत झाली. स्पीकरच्या आत काय असतं, हे मला नीट माहीत नव्हतं. सूत्रं पाठ होती, त्यांवर मार्कही मिळाले होते, पण स्पीकर उघडलेला कधी पाहिला नव्हता. मोबाईलवर शोधलं तेव्हा 'क्रॉसओव्हर' हा शब्द सापडला आणि त्याखाली एक आकृती. मी झरीला जाऊन तिची मोठी प्रिंट काढून आणली आणि घरात चटईवर पसरली.

डावीकडून आवाज मोठा करणाऱ्या मशीनच्या दोन तारा येतात. वरच्या तारेला दोन फाटे फुटतात. एका फाट्यावर वेटोळं काढलेलं, त्याच्या टोकाला मोठा स्पीकर. दुसऱ्या फाट्यावर दोन समोरासमोरच्या छोट्या रेघा, मधे मोकळी जागा, आणि टोकाला छोटा स्पीकर. त्या छोट्याच्या आधी एक नागमोडी रेघ. खाली सगळं एका तारेला मिळतं, आणि त्या तारेच्या खाली आणखी एक लहानशी खूण. बस्स. पण मी त्या कागदाकडे असा बघत बसलो, जसा पहिल्यांदा परभणीला गेलो तेव्हा स्टँडवरच्या पाट्यांकडे बघत बसलो होतो. अक्षरं सगळी येत होती, गाडी कुठली ते कळत नव्हतं.

आप्पा येऊन शेजारी बसले. त्यांनी कागदावर बोट ठेवलं, नेमकं त्या दोन रेघांच्या मधल्या जागेवर.

"इथं तर वायर तुटलेली हाय."

"तुटलेली नाही आप्पा. तो कपॅसिटर आहे."

"मधात जागा हाय का न्हाई?"

"आहे."

"मंग करंट जाणार कस्काय?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मी कुणाला विचारला नव्हता, मलाही कुणी विचारला नव्हता. कॉलेजात सरांनी व्याख्या सांगितली, आम्ही उतरवून घेतली. मी आकृती बाजूला सारली. मग कोपऱ्यातली ढोलकी ओढली. एका तोंडावर थाप मारली आणि आप्पांना दुसऱ्या तोंडावर हात ठेवायला सांगितला.

"थरथरलं का?"

"थरथरलं."

"माझा हात आरपार आला का?"

"न्हाई."

मग मी इकडचं चामडं नुसतं दाबून धरलं. "आता काही लागतंय?"

"काहीच न्हाई."

"असंच आहे ते. भरभर मारलेली थाप पलीकडे पोचते, दाबून धरलेलं पोचत नाही. बारीक, टोकदार आवाज म्हणजे भरभर थापा. ते या रस्त्यानं छोट्या स्पीकरकडे जातात. जाड, घुमणारे आवाज इथंच अडतात."

हे सांगता सांगता माझं मलाच पहिल्यांदा समजलं. चटईवरून उठून कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण सांगायला जे होते ते समोरच बसलेले होते.

आई चुलीपुढून ऐकत होती. "आन् ते वेटोळं?"

"ते उलटं. त्याला घाई चालत नाही. हळूहळू येणारं, जाड असेल ते जाऊ देतं. एकदम भरभर काही आलं की आडवं येतं."

"म्हंजी तुजे आप्पा," आई म्हणाली. "सावकाश सांगितलं तर ऐकत्यात. घाईनं सांगितलं की आडवे."

आप्पांनी हे ऐकलंच नाही असं दाखवलं. त्यांची नजर आकृतीच्या तळाशी असलेल्या त्या लहान खुणेवर खिळली होती: एक उभी रेघ आणि तिच्याखाली एकाखाली एक, लहान होत जाणाऱ्या आडव्या रेघा. त्यांचा चेहरा उजळला.

"हे मला येतं. हे अर्थिंग हाय."

विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरवर तीच खूण असते. आमच्याकडे अर्थिंगवर लोकांचा फार विश्वास आहे. लाइट मिणमिणायला लागली, मोटार पाणी कमी ओढायला लागली, की आधी अर्थिंगच्या खड्ड्यात घागरभर पाणी ओततात. बऱ्याचदा फरक पडतोही. त्यामुळे घरात अंधुक दिसायला लागलं की घरातलं कुणीतरी मुकाट्यानं घागर उचलतं.

"बघ," आप्पा म्हणाले, "पेट्या आल्या, पर अर्थिंग कुनी केलंच न्हाई. मंग आवाज कसा येईल?"

मी म्हणालो की इथं त्या खुणेचा अर्थ एवढाच आहे की सगळ्या तारा परत जाऊन एकत्र मिळतात, खरं जमिनीत काही पुरायचं नसतं. पण आप्पा उठले होते. संध्याकाळपर्यंत देवळाच्या मागं खड्डा तयार होता. काकांच्या दुकानातून जाडं मीठ आलं, लोहाराकडचा कोळसा आला, तांब्याची पट्टी आली. खड्डा खणायला इतकी माणसं जमली की मला वाटलं, एवढी माणसं शाळेच्या श्रमदानाला आली तर मैदान एका दिवसात सपाट होईल. पट्टीला तार बांधून ती पेटीच्या खालच्या खिळीला जोडली. कुणीतरी नारळही फोडला.

सोमवारी आईनं भजन सुरू केलं. घोंगडी होती तशीच होती.

"मुरायला थोडा टाइम लागंल," आप्पा म्हणाले, आणि आणखी एक घागर ओतली.

घरी आल्यावर आई मला हळूच म्हणाली, "मीठ माझ्या घशाला तरी लागू पडलं असतं रे."

ती हसत होती, पण लगेच विचारलं, "खरंच पेटीतच दोष असंल का? का मला बरं वाटावं म्हनून म्हनतूस?" "पेटीतच," मी म्हणालो. पण मलाही तेव्हा खात्री नव्हती. शिवरात्र जवळ येत चालली होती. त्या बुधवारी ती वरच्या आळीतल्या सुनेला घरी बोलावून अवघड चाली शिकवायला बसली. सून मान खाली घालून म्हणत होती. आई तिला सांगत होती, "इथं श्वास घे. इथं न्हाई." शिकवताना स्वतः मात्र तोंड उघडत नव्हती, नुसता हात हलवत होती.

दुसऱ्या दिवशी मी काकांना देवळात बोलावलं. आकृती आणि ढोलकी दोन्ही घेऊन गेलो. पुन्हा थाप मारली, पुन्हा दाबून दाखवलं. जाड आवाज वेटोळ्यातून मोठ्या स्पीकरकडे, बारीक आवाज फटीतून छोट्याकडे. मग सांगितलं की आपण बोलतो तेव्हा अ, आ, ओ यांचा भार जाड आवाजावर असतो, पण स, श, त, च यांची धार बारीक आवाजात असते. धार गेली की नुसता घुमारा उरतो. सूर कळतो, शब्द कळत नाहीत.

काका व्यापारी माणूस. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "मंग आपल्या पेटीत हे दोन्ही रस्ते चालू हायत का?"

"तेच बघायचं आहे."

"बघा."

मी स्क्रू काढले. आप्पा टॉर्च धरून होते. आत कागदावरच्यासारखं काहीच दिसेना. कागदावर सगळं कसं ऐसपैस होतं. इथं तळहाताएवढ्या पट्टीवर सगळं दाटीनं बसलेलं, पोळ्याच्या बाजाराला एका टेंपोत दोन गावं बसावीत तसं. मी वेटोळं शोधलं. सापडलं, तांब्याच्या तारेचं. त्याच्यापासून मोठ्या स्पीकरकडे तार जात होती. मग कपॅसिटर शोधला. तोही सापडला. त्याच्यापासून निघालेली तार मधेच कापलेली होती, आणि दोन्ही टोकांवर काळी टेप व्यवस्थित गुंडाळलेली होती.

दुसऱ्या पेटीतही तसंच.

"हे उंदराचं काम न्हाई," काका म्हणाले. "उंदीर टेप लावत न्हाई."

आप्पा घंटेकडे बघत होते. नंतर त्यांनी घसा साफ केला.

"दसऱ्यानंतर म्हातारी मंडळी म्हनायला लागली, टाळ लय कानात घुसायलेत. बेजार झाले होते. मी झरीच्या मंडपवाल्याला सांगितलं, जरा मवाळ कर बाबा. त्यानं काय केलं मला काय ठावं. मवाळ झालं. मला वाटलं बरं झालं."

टाळ बरेच जण वाजवतात. पण म्हाताऱ्यांच्या कानात घुसणारे टाळ कुणाचे, हे तिथं कुणी विचारलं नाही. आप्पांची जोडी गावात सगळ्यांत मोठी आणि जड, काशाची. त्यांची जागा माईकला लागून. ती जागा मानाची. त्यांचे वडील तिथंच बसायचे.

मी घरी येऊन आईला सांगितलं. ती दळण निवडत होती. सुपातले खडे बाजूला टाकत तिनं सगळं ऐकून घेतलं. आप्पा दाराशी चपला काढायला बराच वेळ लावत होते.

"बरं," एवढंच ती म्हणाली. थोड्या वेळानं तिनं ज्येष्ठमधाची पुडी उचलून फडताळात वर ठेवून दिली.

पुढच्या सोमवारपर्यंत मी तारा जोडून टाकल्या. भजनाला नेहमीपेक्षा जास्त लोक आले. बातमी फिरलीच होती. अर्थिंगच्या खड्ड्याजवळून जाताना प्रत्येक जण खाकरत होता. आईनं माईकसमोर बसून नुसतं "ॐ नमः शिवाय" म्हटलं. त्यातला श असा स्वच्छ निघाला, जणू नवी कात्री कापडातून गेली. शेजारची काकू मागं वळून सगळ्यांकडे बघायला लागली, स्वतःच दुरुस्ती केल्यासारखी. वरच्या आळीतल्या सुनेनं तर सुटकेचा निःश्वास सोडला, तोही ऐकू आला.

आणि मग टाळ सुरू झाले.

ज्यानं तो आवाज ऐकला नाही त्याला कसं सांगावं? आप्पांचे टाळ माईकपासून हातभर अंतरावर, आणि आता त्यांना छोट्या स्पीकरचा अख्खा रस्ता मोकळा. पुढच्या ओळीतल्या म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. एकानं उपरणं डोक्याला गुंडाळलं. पहिलं भजन संपताच काका माझ्याजवळ आले.

"परत काढा ती वायर."

"काका, वायर काढली तर आईचा आवाजही जाईल."

"तुमच्या त्या नकाशात नुसते टाळ अडवायला काही न्हाई का?"

हा प्रश्न मी स्वतःला दोन दिवस विचारत होतो. आकृतीत ती नागमोडी रेघ होती, तिचा अर्थ आता मला कळला होता. ती छोट्याकडे जाणारा आवाज थोडा कमी करते. परभणीत त्या रेघेचा सुटा भाग, रेझिस्टर, मिळतो. पण तिनं टाळ जेवढे कमी होतील तेवढाच आईचा श कमी होईल. त्या आकृतीला आई कोण आणि आप्पा कोण हे ठाऊक नसतं. ती एवढंच बघते की आवाज जाड आहे की बारीक. नवरा-बायकोला ती एकाच रस्त्यानं पाठवते. त्यांना वेगळं बसवायचं असेल तर ते पेटीच्या बाहेरच करावं लागतं.

हे मी काकांना सांगितलं. काकांनी आप्पांच्या जागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"तुमीच सांगा. तुमचे वडील हायत."

"तुम्ही अध्यक्ष आहात."

"अध्यक्ष हाय म्हनून तर न्हाई सांगत."

आम्ही दोघं खांबाशी उभे राहून एकमेकांना पुढं करत होतो. तिकडे आईनं दुसरं भजन धरलं. पहिलं कडवं झालं, आप्पांनी जोरात टाळ घेतले, म्हातारे पुन्हा कळवळले. आई मधेच थांबली. ढोलकीही थांबली. आईनं मान वळवली, पण माईक काही वळला नाही.

"आवो," ती म्हणाली, "तुमी जरा मागं सरका. त्या खांबाच्या पल्याड."

नवऱ्याला घरात सांगावं तितक्या साध्या आवाजात म्हणाली. पण घरातलं ते बोलणं दोन्ही पेट्यांतून सबंध गावात गेलं, त, स, च सगळ्या धारेसकट. देवळात कुणी हललं नाही. पारावर बसलेल्यांचं हसणं मात्र आतपर्यंत ऐकू आलं.

आप्पा उठले. धोतराचा सोगा सावरला, टाळ छातीशी धरले आणि चालत खांबाच्या पलीकडे जाऊन बसले. ते गेले म्हणून बाकीचे टाळकरीही एकेक करून उठले. मानाची जागा मोकळी राहिली. तिथं थोड्या वेळानं देवळातलं मांजर येऊन बसलं. आईनं तेच कडवं पुन्हा पहिल्यापासून घेतलं. आता टाळ मागून येत होते, पैंजणासारखे, आणि त्यांच्या पुढं तिचा शब्दन् शब्द उभा होता. भजन संपलं तेव्हा वरच्या आळीतली सून उठली आणि मागच्या बायकांत जाऊन बसली. काकांनी शिवरात्रीचा विषय पुन्हा काढलाच नाही. कुणाला तरी जाता जाता एवढंच म्हणाले, "सतरंज्या जास्तीच्या लागतील. लोक आता ऐकायला येतील."

घरी आप्पा गप्प जेवत होते. मला वाटलं, राग धरला असेल. आई भाकरी थापत होती, आणि परातीच्या आवाजाखाली काहीतरी चाललं होतं, अगदी बारीक. आप्पांनी वाटीतलं वरण संपवलं.

"शिवरातीला कोनते टाळ घेऊ?" त्यांनी विचारलं. मला नाही, तिला.

आईनं तव्यावरची भाकरी उलटली.

"ल्हाने घ्या. आन् खांबाच्या अलीकडंच बसा. पल्याड बसलाव तर मला तुमचा हात दिसत न्हाई, ठेका चुकतो."